परीक्षकाने 'मान्य' लिहिले, म्हणजे नेमके काय मान्य केले?

प्राणिशास्त्र_शिक्षिका:

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका वरिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. गेल्या महिन्यात एका शोधपत्रिकेने प्रथमच माझ्याकडे एक शोधनिबंध छापण्याआधीच्या परीक्षणासाठी (पिअर रिव्ह्यूसाठी) पाठवला. हस्तलिखित गोपनीय असल्यामुळे पत्रिकेचे, जलाशयाचे किंवा माशाच्या जातीचे नाव मी येथे सांगणार नाही. गोड्या पाण्यातील माशांच्या आतड्यांत आढळणाऱ्या कृमींचे प्रमाण तीन ऋतूंत कसे बदलते, असा त्याचा विषय आहे. प्रत्येक ऋतूत ३० मासे तपासले असे त्यात लिहिले असून कृमी आढळलेल्या माशांचे प्रमाण अनुक्रमे ५६.७, ४१.५ आणि २८.० टक्के दिले आहे. भाषा नीटनेटकी आहे, संदर्भ योग्य आहेत, आलेख सुबक आहेत. तरीही तो तक्ता वाचताना काहीतरी खटकते, आणि काय खटकते ते मला शब्दांत मांडता येत नाही.

मला १४ दिवसांची मुदत आहे. मी त्या जलाशयावर गेलेले नाही, ते मासे पाहिलेले नाहीत आणि लेखकाची प्रयोगवही मागवण्याची सोय पत्रिकेच्या नमुन्यात कोठेही नाही. 'मान्य', 'किरकोळ दुरुस्ती', 'मोठी दुरुस्ती' आणि 'अमान्य' यांपैकी एका चौकोनात खूण करायची आहे. हे करताना दोन वर्षांपूर्वीचा माझा स्वतःचा अनुभव आठवतो. माझ्या एका निबंधावर पहिल्या परीक्षकाने नमुन्यांची संख्या पुरेशी असल्याचे लिहिले होते आणि दुसऱ्याने नमुने अपुरे आहेत म्हणून तो नाकारावा असे सुचवले होते. मजकूर दोघांसमोर तोच होता.

वर्गात याच्याशी जोडलेला पेच रोज समोर येतो. एमएस्सीच्या काही विद्यार्थिनी म्हणतात, "पिअर रिव्ह्यू झालेल्या पत्रिकेत छापून आले आहे, म्हणजे ते खरेच असणार." त्याच वर्गातील दुसऱ्या काही जणी म्हणतात की पैसे भरले की काहीही छापून येते. या दोन्ही विधानांना मला प्रामाणिक उत्तर देता येत नाही. परीक्षक नेमकी कशाची हमी देतो, आणि ती हमी तुटपुंजी असेल तर वाचकाने विश्वास कशावर ठेवायचा?

बेसाल्ट:

मॅडम, मी भूशास्त्रात तीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाला माझे उत्तर असे आहे की परीक्षक कागदाची परीक्षा करतो, घटनेची नाही. लेखकाने जे केले असे तो सांगतो ते त्याने खरोखरच केले आहे, हे गृहीत धरून परीक्षक पुढचे सगळे तपासतो. निष्कर्ष पुराव्यातून निघतो का, पूर्वीच्या कामाची दखल घेतली आहे का, पद्धत योग्य आहे का, एवढे त्याला पाहता येते; पुरावा अस्तित्वात आहे का, हे त्याला सहसा पाहता येत नाही.

आमच्या विषयात याची फार जबर किंमत मोजावी लागली. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील विश्वजित गुप्ता यांनी सुमारे पंचवीस वर्षे हिमालयातील जीवाश्मांवर शेकडो निबंध लिहिले. त्यांच्याबरोबर देशोदेशींच्या शंभराहून अधिक संशोधकांची नावे सहलेखक म्हणून लागली. १९८९ साली सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातील जॉन टॅलंट यांनी 'नेचर'मध्ये लिहून दाखवून दिले की यांतील अनेक जीवाश्म हिमालयातील असणे शक्य नाही. कोनोडोंट हे प्राचीन सागरी प्राण्यांचे दातांसारखे सूक्ष्म अवशेष असतात. गुप्तांनी हिमालयातले म्हणून दाखवलेले काही कोनोडोंट न्यूयॉर्क राज्यातील ॲम्सडेल क्रीक येथे मिळणाऱ्या नमुन्यांशी तंतोतंत जुळत होते. काही ॲमोनाइट (प्राचीन सागरी प्राण्यांची वळणदार शंखांसारखी जीवाश्मे) तर मोरोक्कोतील एरफूद भागातून येऊन जगभरच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या जीवाश्मांसारखे होते.

हे इतकी वर्षे कसे चालले, असे आपण विचाराल. परीक्षकाच्या टेबलावर काय येत होते ते पाहावे लागेल. जीवाश्माचे छायाचित्र खरे होते, कारण जीवाश्म खरेच होते. त्याची ओळख अचूक होती, कारण ती बहुधा एखाद्या नामवंत परदेशी तज्ज्ञाने केलेली असे. त्या तज्ज्ञाला नमुना टपालाने मिळे आणि तो कोठून काढला हे त्याने सांगणाऱ्याच्या शब्दावर मान्य केलेले असे. स्थळाचे वर्णन मोघम असे, आणि हिमालयातल्या एखाद्या उंच, दुर्गम खोऱ्यात जाऊन ते कोण पडताळणार? म्हणजे निबंधातील प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासला तर बरोबर होता. फक्त नमुना आणि डोंगर यांना जोडणारा धागा खोटा होता, आणि नेमका तोच धागा तपासण्याचे काम कोणाकडेही नव्हते. पुढे विद्यापीठाच्या चौकशीत दोष सिद्ध झाला, तरी ते सेवेत राहिले. मला त्याहून अधिक सलते ते हे की त्या निबंधांवर विसंबून इतरांनी काढलेले स्तरांचे नकाशे आणि कालगणना नंतर कोणीतरी एकेक करून वेगळ्या काढाव्या लागल्या. खोट्या निबंधाचे नुकसान त्या निबंधापुरते राहत नाही.

म्हणून मी परीक्षक असताना एक सवय लावून घेतली होती. नमुना सध्या कोठे ठेवला आहे, त्याचा नोंदणी क्रमांक काय आणि दुसऱ्या कोणाला तो पाहता येईल का, हे मी दर वेळी संपादकांमार्फत विचारत असे. आपल्या बाबतीत माशांचे आणि कृमींचे जतन केलेले नमुने आहेत का, हे अवश्य विचारा.

सांख्यिकी:

मॅडमना तक्त्यात काय खटकते आहे, ते सांगण्याचा प्रयत्न करतो, कारण त्यासाठी जलाशयावर जाण्याची गरज नाही. ३० माशांपैकी किती माशांत कृमी सापडले ही पूर्ण संख्या असणार. मग टक्केवारी ३.३३ च्या पटीतच येऊ शकते. ३० पैकी १७ मासे म्हणजे ५६.७ टक्के, हे जुळते. पण १२ मासे म्हणजे ४०.० आणि १३ मासे म्हणजे ४३.३, त्यांच्या मध्ये ४१.५ येऊच शकत नाही. काही मासे वाया गेले असतील आणि प्रत्यक्षात कमी तपासले असतील असे मानले, तरी ३० पर्यंतच्या कोणत्याही संख्येने ४१.५ मिळत नाही. त्यासाठी निदान ४१ मासे लागतात, त्यांतील १७ बाधित. २८.० हा आकडा ३० माशांवर अशक्य आहे, मात्र २५ पैकी ७ मासे असतील तर तो जुळतो. म्हणजे तीनपैकी दोन आकडे लिहिलेल्या नमुनासंख्येशी विसंगत आहेत. सरासऱ्यांसाठी अशाच प्रकारची साधी चाचणी निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स यांनी २०१६ च्या सुमारास मांडली, आणि मानसशास्त्रातील कित्येक छापील तक्ते त्या चाचणीत अडकले.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. आकडा अशक्य आहे यावरून तो बनावट आहे असे सिद्ध होत नाही. प्रमाण माशांच्या संख्येवर न काढता दर महिन्याच्या टक्केवाऱ्यांची सरासरी घेतली असेल, नमुनासंख्या लिहिताना चूक झाली असेल किंवा टंकलेखनात घोटाळा झाला असेल. म्हणून आरोप न करता प्रत्येक ऋतूतील तपासलेल्या आणि बाधित माशांची मूळ संख्या मागावी. प्रामाणिक लेखक ती एका दिवसात देऊ शकेल.

आता दोन परीक्षकांच्या परस्परविरोधी मतांविषयी. याचे मोजमाप झालेले आहे. २०१४ मध्ये संगणकशास्त्रातील 'निप्स' या मोठ्या परिषदेने १६६ निबंध मुद्दाम दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवले. एका समितीने स्वीकारलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध दुसऱ्या समितीने नाकारले. अगदी वाईट निबंध दोघींनाही ओळखता येत होते; पण मधल्या मोठ्या पट्ट्यात निवड बरीचशी योगायोगावर होती. त्याआधी १९९८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या फियोना गॉडली आणि सहकाऱ्यांनी एका निबंधात आठ उणिवा हेतुपुरस्सर घालून तो ४२० परीक्षकांना पाठवला होता. ज्यांनी उत्तर दिले त्यांनी सरासरी दोन उणिवा पकडल्या आणि पाचहून अधिक कोणालाच सापडल्या नाहीत. लेखकाचे नावही निर्णय फिरवते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अर्थशास्त्रातील एकच निबंध नोबेलविजेत्या लेखकाच्या नावाने दाखवला तेव्हा २३ टक्के परीक्षकांनी तो नाकारावा असे सांगितले, आणि अपरिचित तरुण लेखकाच्या नावाने दाखवला तेव्हा ६५ टक्क्यांनी. आपला निबंध नाकारला गेला म्हणून त्याची गुणवत्ता ठरली, असे कृपया समजू नका.

शिवाय परीक्षक निष्काळजी नसला तरी पुढचा धोका शिल्लक राहतो. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील छापून आलेले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय होता, म्हणजे तो निव्वळ योगायोगाने आला असे म्हणणे अवघड होते. पुनःप्रयोगांत ३६ टक्क्यांतच तसा आला. त्या निबंधांत लबाडी होती असे कोणी म्हणत नाही. दहा प्रकारे विश्लेषण करून त्यांतील जुळलेले एक छापायचे आणि न जुळलेल्या प्रयोगांची वही कपाटात ठेवायची, ही सवय त्यामागे आहे. छापलेला निबंध वाचणाऱ्या परीक्षकाला ते कपाट दिसत नाही.

गणित_विद्यार्थी:

एक उलट उदाहरण नोंदवतो, कारण चर्चा वाचून परीक्षण निरर्थक आहे असा समज होऊ नये. अँड्र्यू वाइल्स यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जून १९९३ मध्ये जाहीर केली, तेव्हा जगभर जल्लोष झाला. निक कॅट्झ हे परीक्षक त्या हस्तलिखिताच्या एका भागाची ओळ न् ओळ तपासत होते आणि शंका आली की वाइल्स यांना विचारत होते. त्या प्रश्नोत्तरांतून एक खरी फट उघडी पडली. ती बुजवायला वाइल्स आणि त्यांचे जुने विद्यार्थी रिचर्ड टेलर यांना सप्टेंबर १९९४ उजाडला, आणि सिद्धता १९९५ मध्ये छापली गेली. अर्थात परीक्षक कागदाचीच परीक्षा करतो हे बेसाल्ट सरांचे म्हणणे मला मान्य आहे; गणितात संपूर्ण पुरावा कागदावरच असतो, म्हणून हे साधले.

वॉर्डातील_डॉक्टर:

मी मुंबईत एका रुग्णालयात काम करतो. २०२० च्या मार्चमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कोविड रुग्णांची सेवा करणाऱ्यांना प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन घेण्याची सूचना केली होती आणि माझ्यासह माझ्या अनेक सहकाऱ्यांनी ते घेतले. २२ मे रोजी 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला: सहा खंडांतील ६७१ रुग्णालये, सुमारे ९६,००० रुग्ण, आणि निष्कर्ष असा की या औषधाने मृत्यू वाढतात. त्या रात्री आम्ही एकमेकांना फोन करत होतो. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील त्या औषधाचा भाग थांबवला.

मग वाचकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियातील जेवढे मृत्यू निबंधात मोजले होते, तेवढे मृत्यू त्या तारखेपर्यंत त्या देशात नोंदलेच गेले नव्हते. शंभराहून अधिक संशोधकांनी खुले पत्र लिहिले. सर्जिस्फिअर नावाच्या ज्या कंपनीने ही माहिती पुरवली होती, तिने मूळ नोंदी स्वतंत्र तपासनिसांना देण्यास नकार दिला आणि ४ जून रोजी निबंध मागे घेतला गेला. त्याच दिवशी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधील त्याच कंपनीच्या माहितीवरचा दुसरा निबंधही मागे घेतला गेला. जगातील दोन सर्वांत प्रतिष्ठित वैद्यकीय पत्रिकांच्या परीक्षकांनी, आणि कंपनीबाहेरच्या सहलेखकांनीही, मूळ नोंदी पाहिल्या नव्हत्या.

पण पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ५ जूनला ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने जाहीर केले की रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना या औषधाचा उपयोग होत नाही. काही सहकारी तेव्हा म्हणाले की मग लॅन्सेटचा निबंध फार चुकीचा नव्हता. मला हे म्हणणे धोकादायक वाटते. 'रिकव्हरी'त कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवले होते, पद्धत आधी जाहीर होती, रुग्ण खरे होते आणि त्यांची नोंद होती. औषध निरुपयोगी आहे असे सांगणारे दोन कागद समोर असले, तरी त्यांतील एकावरच मला माझ्या रुग्णाच्या बाबतीत विसंबता येते. वाचकाने निष्कर्षाआधी तो कसा मिळाला ते पाहावे, एवढेच मी माझ्या निवासी डॉक्टरांना सांगतो. आपल्याकडे २००९ च्या जूनपासून औषधांच्या चाचण्या सुरू करण्यापूर्वी भारतीय चाचणी नोंदवहीत नोंदवणे बंधनकारक आहे. चाचणीचा निबंध हाती आला की आधी तिचा नोंदणी क्रमांक शोधावा आणि तेव्हा काय मोजणार असे सांगितले होते व आता काय मोजल्याचे छापले आहे, हे शेजारी ठेवून वाचावे.

ग्रंथपाल:

पैसे भरले की काहीही छापून येते, असे म्हणणाऱ्या मुलींविषयी लिहिते, कारण त्यांचे म्हणणे आकाशातून पडलेले नाही. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात असताना 'सात दिवसांत प्रसिद्धी, परीक्षणासह' अशा जाहिराती प्राध्यापकांच्या भ्रमणध्वनीवर रोज येताना पाहिल्या आहेत. २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी पीएचडीच्या विद्यार्थ्याचा किमान एक निबंध प्रसिद्ध होणे आवश्यक होते, आणि पदोन्नतीचे गुणांकनही छापील निबंधांच्या संख्येवर चालत असे. ज्या महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक दुरुस्त करायला निधी नाही, तेथील शिक्षकाकडून दर वर्षी निबंध मागितला, तर तो निबंध कोठून येणार, याचा विचार नियम करणाऱ्यांनी करायला हवा होता.

याची झाडाझडती पुण्यातच झाली, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेल्या पत्रिकांचा नमुना तपासून २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडला की त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक पत्रिका निकृष्ट दर्जाच्या असू शकतात. कोणाचा पत्ता खोटा होता, कोणाच्या संकेतस्थळावर संपादकांची खरी माहिती नव्हती. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या आणि नंतर 'केअर' ही नवी यादी आणली, जिचे काम पुणे विद्यापीठातूनच चालत असे. २०२२ च्या नियमांत पीएचडीपूर्वी निबंध छापण्याची सक्ती गेली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत 'केअर' यादीही बंद झाली. सक्ती गेली याचा मला मनापासून आनंद आहे. यादीविषयी मात्र माझे मत असे झाले आहे की कोणतीही यादी वाचकाचे काम करू शकत नाही; यादी आली की ती चुकवण्याचा बाजार तिच्यामागून येतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. विद्यार्थिनींना कोणताही निबंध देण्यापूर्वी तो मागे घेतला गेला आहे का हे तपासायला शिकवा. मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची नोंदसूची आता कोणालाही मोफत पाहता येते. मागे घेतलेले निबंध वर्षानुवर्षे उद्धृत होत राहतात, आणि उद्धृत करणाऱ्याने तपासून न पाहणे हे त्याचे एक कारण असते. तसेच, शिक्षिका मॅडम, पत्रिकेचे नाव दिले नाहीत हे योग्यच केले. पण अजून न छापलेल्या हस्तलिखितातील आकडेही येथे द्यायला नको होते, असे मला स्नेहाने सांगावेसे वाटते.

प्राणिशास्त्र_शिक्षिका:

ग्रंथपाल ताई, आपले म्हणणे बरोबर आहे. ते माझ्या लक्षात आले नाही. यापुढे असे होणार नाही, आणि निर्णय होईपर्यंत मी या निबंधाविषयी अधिक काही लिहिणार नाही.

सांख्यिकी सरांनी केलेला भागाकार मी रात्री स्वतः पुन्हा करून पाहिला. मला खटकत होते ते हेच होते, पण ते इतके साधे असेल असे वाटले नव्हते आणि म्हणूनच मी तो भागाकार केला नव्हता. मी आज 'मोठी दुरुस्ती' अशी खूण करून अहवाल पाठवला. त्यात प्रत्येक ऋतूत तपासलेल्या आणि बाधित माशांची मूळ संख्या, जतन केलेल्या कृमींचे नमुने कोठे आहेत ते, आणि टक्केवारी कशी काढली याचे एक उदाहरण मागितले आहे. लेखकाच्या हेतूविषयी एक शब्दही लिहिलेला नाही. संपादकांना स्वतंत्र टिपणात कळवले आहे की आकडे मिळाल्याशिवाय या निबंधाच्या निष्कर्षावर मला मत देता येणार नाही, आणि ते मिळाले तर मी तो आनंदाने पुन्हा वाचेन.

वर्गासाठी मी माझाच जुना, दोन परीक्षकांनी दोन दिशांना ओढलेला निबंध निवडला आहे. त्याची प्रयोगवही माझ्याकडे आहे. सोमवारी छापील तक्ता आणि वही दोन्ही विद्यार्थिनींसमोर ठेवणार आहे आणि त्यांना एकेक आकडा जुळवून पाहायला सांगणार आहे.